अवटुग्रंथीचे मांद्य आणि आपला दिनक्रम

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



व्याख्यानाचा विषय निवडण्याची मोकळीक चिटणिसांनी आम्हांस दिली, तेव्हा निवृत्त शिक्षक या नात्याने आम्ही शिक्षणावर किंवा संतवाङ्मयावर बोलू अशी त्यांची अपेक्षा असावी. आम्ही विषय कळविला तो थायरॉइडचा. आम्ही डॉक्टर नव्हे. मॅट्रिक होऊन छत्तीस वर्षे प्राथमिक शाळेत मुले शिकविली, एवढाच आमचा अधिकार. तथापि गेली नऊ वर्षे हा विकार आमच्या देहात वस्तीस आहे आणि आमच्या धाकट्या भगिनीस तो त्याहूनही आधीपासून आहे. शिवाय आपल्या ज्ञातीतील घरोघरी जाणे-येणे असल्यामुळे या एका गोळीपायी किती घरांत किती गैरसमज नांदत आहेत, हे आम्ही जवळून पाहिले आहे. म्हणून हे धाडस.

प्रथम हा विकार किती व्यापक आहे ते पाहू. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत भारतातील आठ ठिकाणच्या पाच हजारांहून अधिक प्रौढांचे रक्त तपासले होते. त्यांत मुंबई आणि गोवा ही दोन्ही होती. शेकडा सुमारे अकरा जणांची ही ग्रंथी मंद असल्याचे दिसून आले आणि त्यांपैकी जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याच्या लोकांस आपणांस असे काही आहे याची वार्ताच नव्हती. आज या सभागृहात तीनशे मंडळी बसली आहेत असे धरले, तर हिशेब आपला आपण करावा. पुरुषांपेक्षा स्त्रियांत याचे प्रमाण कितीतरी अधिक असते. म्हणूनच की काय, हा 'बायकांचा आजार' असा समज रूढ झाला आहे. आमच्या उदाहरणावरून तो समज अपुरा आहे, एवढे तरी सिद्ध व्हावे.

ही ग्रंथी गळ्याच्या पुढील भागी, कंठमण्याच्या खाली, श्वासनलिकेस बिलगून असते. आकार पंख पसरलेल्या फुलपाखरासारखा, वजन अवघे पंधरा ते वीस ग्रॅम. मराठीत तिला अवटुग्रंथी म्हणतात. अन्नातून व मिठातून मिळणाऱ्या आयोडीनपासून ती थायरॉक्सिन नावाचे संप्रेरक तयार करते आणि ते रक्तातून सर्व शरीरभर जाते. हृदयाने किती वेगाने चालावे, आतड्यांनी किती चपळाईने काम करावे, शरीराने किती ऊब धरावी, बुद्धीने किती तरतरीत राहावे, या सर्वांवर त्याचा अंमल चालतो. ते कमी पडले की साऱ्या घराची वात जणू कोणी खाली केली असे होते. दिवा विझत नाही, परंतु उजेडही पुरत नाही.

आता रक्ततपासणीच्या कागदावर टी.एस.एच. नावाचा जो आकडा असतो, त्याविषयी आमच्या घरांत नेहमी घोटाळा होतो. आकडा वाढला की मंडळी म्हणतात, "थायरॉइड वाढला." वस्तुस्थिती उलट असते. आमच्या धंद्यातील उदाहरण देतो. मेंदूच्या तळाशी पीयूषिका नावाची ग्रंथी आहे, तिला मुख्याध्यापक समजा. अवटुग्रंथी ही शिक्षिका. शिक्षिका आपले काम नीट करीत असेल तर मुख्याध्यापकांचे सूचनापत्र क्वचित येते. काम मंदावले की सूचनांवर सूचना येऊ लागतात. टी.एस.एच. म्हणजे ही सूचनापत्रे. ती वाढली, याचा अर्थ ग्रंथीचे काम कमी झाले. उलट गोळीची मात्रा गरजेपेक्षा जास्त झाली, तर मुख्याध्यापक गप्प होतात आणि आकडा अगदी खाली जातो. एवढे ध्यानात राहिले तर कागद पाहून घाबरणे अथवा भलतेच हर्षभरित होणे, दोन्ही टळेल.

ग्रंथी मंद का होते? बहुतेकांच्या बाबतीत शरीराची संरक्षक यंत्रणाच चुकीने स्वतःच्या ग्रंथीवर हल्ला करते. हाकारू हाशिमोतो या जपानी शल्यचिकित्सकाने १९१२ साली या प्रकाराचे वर्णन केले, म्हणून त्यास त्याचेच नाव आहे. हा प्रकार पुष्कळदा कुटुंबात चालत येतो. आम्ही आणि आमची भगिनी हेच त्याचे उदाहरण. काहींची ग्रंथी शस्त्रक्रियेने काढलेली असते, काहींस किरणोत्सर्गी आयोडीनचे उपचार झालेले असतात, काही औषधांनीही ती मंदावते. आणि पूर्वी फार मोठे कारण होते ते आयोडीनच्या अभावाचे.

या शेवटच्या कारणाविषयी शिक्षक म्हणून दोन शब्द अधिक बोलल्यावाचून राहवत नाही. हिमालयाच्या पायथ्याच्या प्रदेशात पिढ्यान्‌पिढ्या गलगंड होता. त्या वेळी पंजाबात असलेल्या कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी व त्यांचे सहकारी यांनी १९५६ पासून शाळेतील मुलांचे गळे तपासले, काही भागांत आयोडीनयुक्त मीठ पुरविले, एका भागात साधे ठेवले आणि काही वर्षांनी पुन्हा गळे तपासले. ज्या भागांत आयोडीनचे मीठ गेले तेथे गलगंड स्पष्टपणे उतरला. त्यावरून १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. आज आपण दुकानातून आणतो त्या पुडीवर आयोडीनची खूण असते ती या शाळकरी पोरांच्या गळ्यांमुळे. ते मीठ झाकणाच्या बरणीत, ओल व आच यांपासून दूर ठेवावे. सध्या कित्येक घरांत केवळ सैंधव किंवा खडेमीठ वापरण्याची हौस आली आहे. त्यांत पुरेसे आयोडीन असतेच असे नाही, हे गृहिणींनी लक्षात घ्यावे. मात्र हाशिमोतोच्या प्रकाराने मंदावलेली ग्रंथी जास्त आयोडीन खाऊन पूर्ववत होत नाही. उलट समुद्रशेवाळाच्या गोळ्यांसारख्या वस्तूंनी अपायच होण्याचा संभव असतो.

लक्षणे कशी ओळखावीत? अडचण अशी की, यातील एकही लक्षण असे नाही की जे दुसऱ्या कशाचे असू शकत नाही. थकवा, थंडी अधिक वाजणे, बद्धकोष्ठ, कातडी कोरडी पडणे, केस गळणे, आवाज घोगरा होणे, चेहरा व पापण्या सुजणे, वजन थोडे वाढणे, विसराळूपणा, मनाची उदासी, स्त्रियांत मासिक स्राव अधिक होणे. तरुण सुनेस हे झाले की ती आळशी ठरते. म्हातारपणी झाले की वय झाले म्हणून सोडून देतात. शाळेत एखाद्या मुलाची उंची खुंटली, बोलणे-चालणे मंदावले, गेल्या वर्षी पहिल्या पाचांत असणारे मूल शेवटच्या बाकावर जाऊन पेंगू लागले, तर त्यास शिक्षा करण्याआधी एकदा रक्त तपासून घ्यावे, असे आमचे आजच्या शिक्षक मंडळींस आग्रहाचे सांगणे आहे.

आमचे स्वतःचे थोडक्यात सांगतो. नोकरीच्या शेवटच्या वर्षी हजेरी घेताना आवाज फाटू लागला. चैत्रात आम्ही स्वेटर घालून शाळेत जात असू आणि मुले हसत. वर्तमानपत्र वाचता वाचता डोळा लागे. एका डॉक्टरांनी आठ महिने शक्तिवर्धक औषधे दिली व 'निवृत्ती जवळ आली की असे होते' असा दिलासाही दिला. पुढे रक्तातील कोलेस्टेरॉल फार वाढलेले निघाले म्हणून दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी नाडी पाहिली, ती मिनिटास बावन्न. मग आम्हांस खुर्चीवर गुडघे टेकवून बसविले आणि घोट्यामागील शिरेवर लहानशा हातोडीने टिचकी मारली. पाऊल झटका देऊन खाली गेले, पण परत येताना रेंगाळले. "मास्तर, तुमची गाडी ब्रेक लावून चालली आहे," एवढेच ते म्हणाले. टी.एस.एच. अडुसष्ट निघाला, तो साधारणतः चार-साडेचारच्या आत असावा. वय लक्षात घेऊन प्रथम हृदयाचा आलेख काढला, मग पंचवीस मायक्रोग्रॅमपासून प्रारंभ करून चार महिन्यांत मात्रा पंचाहत्तरवर नेली. मायक्रोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा दहा लाखावा भाग. तिसऱ्या महिन्यात आवाज परत आला. आमच्या कुटुंबाचे म्हणणे असे की, आवाजाबरोबर रागही परत आला.

या गोळीत आहे तरी काय? ग्रंथी जे थायरॉक्सिन करते तेच, कारखान्यात तयार केलेले. यापूर्वी काय होते ते ऐकण्यासारखे आहे. १८९१ साली इंग्लंडातील न्यूकॅसल येथे जॉर्ज मरे या तरुण डॉक्टराने मेंढीच्या ग्रंथीचा अर्क काढून तो या विकाराने जर्जर झालेल्या एका बाईस टोचला. ती सुधारली आणि पुढे अर्कावरच अठ्ठावीस वर्षे जगली. १९१४ च्या नाताळच्या दिवशी अमेरिकेत केंडॉल याने शुद्ध थायरॉक्सिन वेगळे काढले आणि १९२७ साली हॅरिंग्टन व बार्जर यांनी ते प्रयोगशाळेत बनविले. आता मेंढीची गरज उरली नाही. आपल्यातील शाकाहारी मंडळी अजूनही साशंकतेने विचारतात, म्हणून हे मुद्दाम सांगितले. आज एल्ट्रॉक्सिन, थायरोनॉर्म अशा नावांनी मिळणारी ही गोळी अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे आणि दिवसाचा तिचा खर्च हॉटेलातील एका कप चहाहून कमी येतो.

गोळी स्वस्त आहे, परंतु मानी आहे. तिला पोटात एकटेच जायला आवडते. सकाळी उठल्याबरोबर, रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर ती घ्यावी आणि त्यानंतर निदान अर्धा तास, शक्यतो एक तास, दुसरे काही घेऊ नये. चहासुद्धा नाही. येथेच आपल्या घरांतील खरी अडचण सुरू होते. आपल्या स्त्रिया उठतात त्याच चुलीकडे तोंड करून, आणि दुधाचा चहा हा त्यांचा दिवसातील एकमेव निवांत घोट. आमच्या भगिनीने यावर तोड काढली ती अशी. रात्री निजताना उशाशी तांब्या-भांडे ठेवतो, त्याच्याजवळ गोळीची बाटली. पहाटे पाच वाजता जाग येते तेव्हा अंथरुणातच गोळी घ्यायची. पुढे प्रातर्विधी, अंगण, स्नान, देवपूजा होईपर्यंत तास आपोआप उलटतो व चहा हक्काचा होतो. आम्ही गोळी घेऊन फिरावयास जातो. ज्यांस सकाळ मुळीच साधत नाही त्यांनी डॉक्टरांस विचारून रात्री, जेवणानंतर तीन तासांनी घ्यावी. उपासाच्या दिवशीही गोळी चुकवू नये. निर्जळी करणाऱ्यांनी घोटभर पाण्याचा हिशेब देवाशी करावा, तो समजून घेतो असा आमचा अनुभव आहे.

दुसरे, कॅल्शियमच्या व लोहाच्या गोळ्या. चाळिशीनंतरच्या स्त्रीस या तिन्ही गोळ्या असतातच आणि ती बिचारी एका तळहातावर घेऊन एका घोटात गिळते. तसे केल्यास थायरॉक्सिन आतड्यातच अडकून पडते आणि आकडा का उतरत नाही हे कोणास कळत नाही. मध्ये चार तासांचे अंतर हवे. कॅल्शियम दुपारच्या जेवणाबरोबर टाकले की प्रश्न मिटतो. आम्लपित्ताच्या औषधांचेही असेच. केसांसाठी म्हणून बायोटिनच्या गोळ्या घेण्याची पद्धत आली आहे. त्यांनी रक्ताचा आकडा खोटा दिसू शकतो, म्हणून तपासणीपूर्वी निदान दोन दिवस त्या बंद ठेवाव्यात.

एखादे दिवशी गोळी राहिली तर आकाश कोसळत नाही. हे औषध शरीरात सावकाश उतरते. अर्धे होण्यास सुमारे आठवडा लागतो. त्याच कारणाने मात्रा बदलल्यावर पंधरा दिवसांत रक्त तपासण्यात अर्थ नसतो. सहा ते आठ आठवडे थांबावे लागते. आकडा स्थिरावला की वर्षातून एकदा तपासणी बहुधा पुरते. एका कंपनीची गोळी लागू पडली असेल तर विनाकारण बदलू नये. बाटली न्हाणीघरात किंवा चुलीशेजारी ठेवू नये.

खाण्यापिण्याविषयी घरोघरी मोठे शास्त्र पसरले आहे. कोबी बंद, फ्लॉवर बंद, मुळा बंद. आमच्या एका शेजारणीने तर या भीतीने भाजी म्हणून केवळ दुधी उरविला होता. या भाज्या शिजवून नेहमीच्या प्रमाणात खाण्यास सर्वसाधारणपणे हरकत नसते. सोयाबीनचे पदार्थ मात्र गोळीच्या वेळेपासून दूर ठेवावेत. वजनाचेही तसेच. या विकाराने वाढणारे वजन बहुधा दोन-चार किलोंचे आणि पुष्कळसे पाण्याचे व मिठाचे असते, ते गोळीने उतरते. त्यावर जे वीस किलो असतात त्यांचा जाब थायरॉइडला विचारू नये, हे आम्ही आमच्या पोटाकडे पाहूनच बोलतो. रोज चालणे, बेताचे जेवण, यांस पर्याय नाही. योगासने व प्राणायाम आम्हीही करतो. त्यांनी मन प्रसन्न राहते. परंतु त्यांनी गोळी सुटते असे जे सांगतात, त्यांच्यापासून सावध असावे.

कारण त्याचा परिणाम आम्ही पाहिला आहे. आमच्या नात्यातील एक वृद्ध मावशी चौदा वर्षे गोळी घेत होत्या. जत्रेत भेटलेल्या एका औषधविक्याने मुळापासून बरे करतो म्हणून चूर्ण दिले व गोळी सोडावयास लाविली. तीन महिने काही वाटले नाही. पौषात त्या दिवसभर झोपू लागल्या, अंग गार पडले, हाक मारली तर उत्तर उशिरा येई. घरच्यांस वाटले, थंडी बाधली. रुग्णालयात नेले तेव्हा शुद्ध हरपली होती. अतिदक्षता विभागात अकरा दिवस काढून त्या परत आल्या. सर्वच परत येतात असे नाही. गोळी मनाने सोडू नये. तशीच मनाने वाढवूही नये, कारण जास्त झालेली मात्रा वृद्धांचे हृदय बिघडविते व हाडे ठिसूळ करते. आणि आकडा किंचितच वाढलेला असेल, विशेषतः सत्तरीच्या पुढे, तर पुष्कळदा डॉक्टर गोळी न देता नुसते लक्ष ठेवतात. तेव्हा शेजाऱ्यास दिली आणि मला का नाही, असा हट्ट धरू नये.

आता ज्याकरिता आम्ही आज मुख्यतः उभे राहिलो त्या गोष्टीकडे येतो. आपल्या मंडळाचा वधूवर परिचय मेळावा दरवर्षी होतो, आणि तेथे या गोळीचे नाव कुजबुजत घेतले जाते. 'मुलीला थायरॉइड आहे' एवढ्या वाक्यावर जमलेली लग्ने मोडलेली आम्हांस ठाऊक आहेत. म्हणून आईबाप लपवितात. आमच्या परिचयातील एका मुलीस आईनेच बजावले की, सासरी बाटली दिसता कामा नये. मुलीने वरातीच्या दिवशी गोळी सोडली. सहा महिन्यांत ती सुजली, थकली, आळशी ठरली. दिवस राहिले ते तिसऱ्या महिन्यात गेले. त्याचे कारण हेच, असे ठामपणे कोणी म्हणू शकत नाही. परंतु उपचार न केलेल्या मांद्यात ही भीती वाढते, हे डॉक्टर सांगतात. विश्रांतीसाठी माहेरी आली असता गोळी पुन्हा सुरू झाली. सासूबाईंस जेव्हा सर्व कळले तेव्हा त्या सुनेवर नव्हे, विहीणबाईंवर रागावल्या आणि स्वतःच्या उशाखालून तीच बाटली काढून दाखविली! त्या मुलीची कन्या आता बालवाडीत जाते.

ज्या मुलीचा आकडा गोळीने ताब्यात आहे, तिच्या संसारास व मातृत्वास या विकाराने बाध येत नाही. फक्त दिवस राहिल्याचे कळताच डॉक्टरांस सांगावे, कारण गरोदरपणी मात्रा बहुधा पाव ते निम्म्याने वाढवावी लागते. गर्भाची स्वतःची ग्रंथी पहिल्या महिन्यांत काम करीत नसते. त्याच्या मेंदूची वाढ आईच्या थायरॉक्सिनवर होते. म्हणून 'गरोदरपणात कसली औषधे' म्हणून जी वडीलधारी ही गोळी बंद करवितात, त्या नातवाचेच नुकसान करतात. बाळ जन्मल्यावर टाचेतील रक्ताच्या थेंबांवरून त्याची ग्रंथी तपासता येते. काही मुलांची ती जन्मतःच दुबळी असते. पहिल्या दोन आठवड्यांत औषध सुरू झाले तर मूल चारचौघांसारखे वाढते, उशीर झाला तर बुद्धीची हानी भरून निघत नाही. ही तपासणी सगळीकडे आपण होऊन होतेच असे नाही. प्रसूतिगृहात मागून घ्यावी.

लग्न ठरविताना ही गोष्ट दोन्ही पक्षांनी उघड सांगावी, आणि ऐकणाऱ्याने चष्म्याचा नंबर ऐकावा तशी ऐकावी. वराकडील मंडळींनी आपल्या मुलाचेही रक्त तपासावे. आमच्यासारखे पुरुष दिसतात त्याहून पुष्कळ आहेत.

कार्यकारी मंडळापुढे आम्ही तीन सूचना लेखी ठेवल्या आहेत. परिचय मेळाव्याच्या पत्रकात 'आजार' या रकान्यापुढे केवळ आहे वा नाही असे न विचारता 'उपचार चालू असल्यास तपशील' असे छापावे. आपल्या वार्षिक आरोग्य शिबिरात साखर व रक्तदाब यांबरोबर, डॉक्टर ज्यांस सांगतील त्यांची टी.एस.एच. तपासणी सवलतीत करून द्यावी. आणि शिबिराच्या सकाळी सात वाजता जो चहा वाटला जातो तो आठला वाटावा, म्हणजे गोळी घेऊन येणाऱ्यांस तो घेता येईल. पहिल्या दोन सूचनांवर चर्चा व्हावी. तिसरी अध्यक्षमहाराजांनी आत्ताच मान्य केली आहे, असे त्यांच्या मान हलविण्यावरून दिसते.